माझा ठिपका

मॅट्रिक झाल्यावर मला पुण्याला कॉलेजात पाठवायचे की नाही, हा निवाडा वडिलांनी आमच्या गणिताच्या मास्तरांवर सोपवला. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हते. वडील गिरणीत कारकून, आणि आखलेल्या कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

मास्तरांकडे तसा कागद होता. शाळेतून कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाचा त्यावर एक ठिपका: आडवे मॅट्रिकचे गुण, उभे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे. त्या गर्दीतून त्यांनी एक तिरकी रेघ काढली होती. मॅट्रिकचे गुण सांगितले की पुढचे ती सांगे. दोन गुणांच्या या नात्याला मास्तर प्रेमाने कोरिलेशन म्हणत. मुलांचे बाप पेरूंची टोपली घेऊन येत आणि म्हणत, "रेघ जरा वर उचला की." मास्तर पेरू परत करत.

माझे गुण चांगले, म्हणून मी वडिलांबरोबर ऐटीत गेले. मास्तरांनी सगळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवले. "हिचं सांगता येत नाही," ते म्हणाले. "हे सगळे मुलगे. मुलगी यात एकही नाही." मला तो कागद टराटरा फाडावासा वाटला.

घरी येऊन वडील म्हणाले, "रेघ नाही म्हणते."

आई केम गावची, शाळेची पायरी न चढलेली. ती म्हणाली, "न्हाय कुटं म्हनली? तिला ठावंच न्हाय. पोरगी गेल्याबिगर तिला कळंल कसं?"

मी गेले आणि नापास झाले, तेही गणितात. मास्तरांनी माझा ठिपका पार तळाशी दिला. वडिलांनी चष्मा लावून तो पाहिला. "झालं, मुलींचं कळलं. धाकटीला घरीच ठेवतो." धाकटी त्याच वर्षी मॅट्रिक झालेली, माझ्याहून हुशार, शेजारीच उभी होती. तिचे तोंड पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मास्तरांनी माझ्या ठिपक्यावर पट्टी ठेवली आणि फिरवली: चढती, आडवी, उतरती. "एका ठिपक्यातून वाटेल ती रेघ जाते. निदान दुसरा तरी हवा."

वडिलांनी बोटांवर मोजले. "मग तीन होऊ द्या. ही पुन्हा बसेल."

त्या जूनमध्ये आम्ही दोघी एकाच वर्गात बसलो, आणि मला गणित धाकटीने शिकवले.