मार्थाबाई खोटं बोलल्या नाहीत

मार्थाबाई गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं, तेही मीच फोन लावला म्हणून. दर रविवारी संध्याकाळी पूर्णेला फोन लावून त्यांच्याशी बोलायचं, हा माझा ठरलेला नेम. मागच्या रविवारी मुलानं लाइन लागत नसल्याचं सांगितलं होतं. या रविवारी तो घरी नव्हता, म्हणून मीच नंबर फिरवला. फोन त्यांच्या भाचीनं, सुवार्तानं उचलला. "ताई... मावशीला जाऊन नऊ दिवस झाले. आमी त्याच दिवशी दादांना कळवलं होतं की." मुलगा आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "तुझं ब्लडप्रेशर बघून जरा थांबून सांगणार होतो." सत्तरी ओलांडली तरी माझ्याशी पुन्हा तेच... माझ्यापासून मरण लपवण्याची ही दुसरी खेप होती.

पहिली खेप निजामाच्या अमलातली. आम्ही चुडाव्याला राहायचो. वडील, म्हणजे अण्णा, सरकारी शाळेत उर्दू शिकवायचे. मी सात वर्षांची असताना आई बाळंतपणासाठी माहेरी, राणीसावरगावला गेली. आमच्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी गेली की तीन-चार महिने तिची कोणी वाट बघत नाही. याच रीतीचा आमच्या घरानं आडोसा घेतला. आई बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मला मात्र सांगण्यात आलं की लेकरू जरा अंग धरू दे, मग येईल. निरोप आल्यावर तिकडे गेलेले अण्णा पंधरा दिवसांनी परतले ते डोक्याचा गोटा करून, मिशीसुद्धा काढून. "गंगाखेडला गोदावरीवर नवस फेडला," म्हणाले. मी त्यांच्या मांडीवर चढले, त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि खदखदून हसले. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते, आणि ज्यांनी मला हसू दिलं त्यांचा राग येतो. पुढं मी बाळासाठी टोपडं शिवायला घेतलं, तर शेजारच्या काकूंनी मला टाका कसा घालायचा ते दाखवलं. त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्या दिवसांत मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई पंधरवड्यातून एकदा बैलगाडीनं गावात यायच्या. याच मार्थाबाई. तेव्हा पंचविशीच्या असतील. पांढरं लुगडं, दंडापर्यंत बाह्यांचं पोलकं, हातात औषधांची पेटी. त्या दिवशी आत्याचे डोळे आले होते म्हणून आमच्या ओसरीवर आल्या. बाळंतपणं करतात एवढं मला माहीत होतं, तेव्हा मी सरळ जाऊन विचारलं, "बाई, माझ्या आईला मुलगा झाला का मुलगी?" आत्या मागून खुणा करत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या बाटलीला बूच लावलं आणि म्हणाल्या, "मुलगा झाला व्हता, पोरी. पण तो वाचला न्हाई. तुजी माय बी गेली. चार महिने झाले. ती आता येणार न्हाई."

मी रडले नाही. मी म्हटलं, "मग टोपडं कुणाला घालू?"

आत्या तुटून पडली. "काळीज हाय का न्हाई तुमाला? लेकराला असं सांगतेत? पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नका!" बाई पेटी उचलून निघून गेल्या. संध्याकाळी अण्णा आले, त्यांना कळलं, आणि ते माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले. "उद्या सांगणार होतो गं," एवढंच म्हणाले, "रोज उद्या म्हणत राहिलो."

त्यानंतर माझा कुणावर म्हणून विश्वास उरला नाही. भाकरी संपली म्हटलं तरी मी उठून टोपली बघायची. अण्णा शाळेत चाललो म्हणाले की शाळेपर्यंत मागं जायची. पुढच्या पंधरवड्याला बाईंची गाडी गावाबाहेर चिंचेखाली थांबली होती, तिथं मी पळत गेले. का गेले ते तेव्हा कळलं नव्हतं. मला बघून त्यांनी जवळ घेतलं आणि तिथं मी पहिल्यांदा रडले. त्याही रडल्या. म्हणाल्या, "रड. आमचा येशू बी रडला हाय मेलेल्या दोस्तासाठी." मग त्यांनी सांगितलं, त्या सहा वर्षांच्या असताना त्यांची आई प्लेगात गेली. "ती मला भेटणार हाय," म्हणाल्या, "येशू मरून उठला, तशी ती बी उठणार हाय. तुजी बी माय त्याच देवाच्या हातात हाय."

मी त्यांच्यापासून लांब झाले. "हे मला गप करायला सांगायलाव का?"

बाईंना राग आला नाही. "मी तुला लबाड बोलले का कदी?"

नव्हत्या बोलल्या. गावात तेवढ्याच बोलल्या नव्हत्या. मोठेपणी लोकांनी मला पुष्कळदा विचारलं, तुझ्या घरचे देव सोडून तू तिकडे कशी गेलीस? मी देवांची तुलना कधी केली नाही. मला मरण खरं सांगणारं एकच माणूस भेटलं होतं, म्हणून त्या माणसानं सांगितलेली पुढची गोष्टही मी खरी धरली. रझाकारांच्या वर्षी अण्णा अकरा दिवस बेपत्ता होते. तेव्हा मी बाईंकडे जाऊन विचारलं, येतील ना? आत्या, शेजारीपाजारी सगळे "येतील, येतील" म्हणत होते. बाई म्हणाल्या, "मला ठाऊक न्हाई." रात्रभर त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. अण्णा आले. नसते आले, तरी मी बाईंवरच विसंबले असते. पुढं मी नर्सिंगला गेले, बाप्तिस्मा घेतला. आत्या माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही, अण्णा दोन वर्षांनी बोलले.

फोननंतर चौथ्या दिवशी मी पूर्णेला गेले. बाईंची खोली सुवार्तानं तशीच ठेवली होती. खाट, भिंतीवर लाकडी क्रूस, खिडकीखाली एक पाट. "मावशी रोज दिवेलागणीला इथं बसून प्रार्थना करायची," ती म्हणाली. "शेवटी शेवटी माझं नावसुदा इसरायची, पण एक मागणं चुकलं न्हाई तिचं." कोणतं, मी विचारलं. "म्हणायची... चुडाव्याच्या त्या लेकराला मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मांडीवर घेऊन सांगायला पायजे व्हतं. देवा, मला माफ कर."

साठ वर्षांहून अधिक काळ! ज्या वाक्याच्या आधारावर मी जगले, ते वाक्य बाई रोज संध्याकाळी पाप म्हणून देवापुढे ठेवत होत्या. आणि मी दर रविवारी त्यांच्याशी काय बोलत होते? गुडघेदुखी, पाऊसपाणी, कुणाचं लग्न ठरलं. बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून मी वाचले, हे एकदाही तोंडातून निघालं नाही. त्यांना ते ठाऊकच असणार, असं मी धरून चालले होते.

बाहेर दिवे लागले. सुवार्ता म्हणाली, "ताई, तुमी बसता का?" पाट मधोमध झिजून खोलगट झाला होता. मी त्यावर बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "देवा, मी भेटेन तेव्हा त्यांना सांगेनच. पण तू तोवर थांबू नकोस. त्यांना आजच सांग."