तिसऱ्या हाकेला ओ

कातरणीच्या दिवसांत लोकर साचते ना, तसे आमच्या आजीचे किस्से साचलेत. एक उचलायला जावं तर त्यात गुंतलेला दुसरा वर येतो. बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर आम्ही म्हातारी माणसं बसलो की कुणीतरी म्हणतंच, "बिरा, तुझ्या आजीचं सांग की!" मग मी सांगतो. मला शाळा नाही आणि घाईही नाही. जसं आठवतं तसं सांगतो.

साठ सालाच्या पुढची ही गोष्ट. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडं, धंदा मेंढरांचा. आजीचा घरात एकच कायदा होता. बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली की मगच द्यायची. कारण हाकमारी नावाची बया भर दुपारी नाहीतर दिवेलागणीला फिरते, अगदी ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि ओ दिली की घरात शिरते.

"पर तिला दोनच हाका येत्यात," आजी सांगायची. "तिसरी आली म्हंजे समजायचं, माणूस हाय."

तिनं साऱ्या आळीला हेच शिकवलं होतं. आळीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. न ऐकून सांगतात कुणाला!

* * *

एकदा देवी टोचायला सरकारी डॉक्टर आले. टोपी, बॅग, मागं शिपाई. दारात उभं राहून त्यांनी हाक दिली, "कोण आहे का घरात?"

घरात आम्ही सगळे होतो. चूल पेटलेली, धूर बाहेर जाणारा. पण ओ कुणी देईना.

"अहो, कोण आहे का?"

आम्ही चिडीचूप. डॉक्टर शिपायाला म्हणाले, "घर पेटलं तरी ही माणसं बोलायची नाहीत!" आणि चिडून तिसऱ्यांदा ओरडले.

त्याबरोबर आजी हसत बाहेर आली. "या, या सायेब! माणूसच हाय की तुमी! च्या घेता न्हवं?"

डॉक्टरांनी चहा घेतला. पण जाईपर्यंत ते स्वतःच्या सावलीकडं बघत होते.

* * *

आमच्या शेजारी पिंजाऱ्याची अमिनाभाबी. तिचं घर आमच्या अंगणासमोर, मधे फक्त बोळ. तिला पहिल्या खेपेच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा नवरा धावत आला. "आजी! आजी!" म्हणाला आणि त्याचा दमच संपला. धापा टाकत उभा राहिला. आजी आत लुगड्याचा पदर खोचून, कात्री घेऊन तयार, पण पाय बाहेर टाकीना.

शेवटी कसाबसा तो तिसऱ्यांदा "आजी" म्हणाला. ती पोचली तोवर मुलगा झालेला!

अमिनाभाबी रागानं म्हणाली, "आजी, माझा जीव गेला असता की वो!"

"जीव गेला न्हाई आन् भलतं कोण घरात आलं न्हाई," आजी बाळ पुसत म्हणाली. "दोन्ही झालं, आनि काय पायजे?" पुढं त्या पोराला पिराच्या दर्ग्यावर पहिल्यांदा आजीच घेऊन गेली.

* * *

आता हसण्यातलं संपलं.

आजीचा धाकटा मुलगा, माझा धुळाकाका. माझ्याहून थोडाच मोठा. पाऊस नव्हता त्या साली तो इतर मेंढक्यांबरोबर मेंढरं घेऊन जतच्या पुढं, कानडी मुलखात गेला. पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरं परत आली, मेंढके आले. धुळाकाका आला नाही.

मेंढक्यांतला वयस्कर गडी अंगणात खाली मान घालून बसला. म्हणाला, "आक्का, तळावरनं दुपारचा पाण्याला गेला. खालनं वढ्यात झाडी लय. आमी हाका मारल्या, पर ओ न्हाई."

आजीनं विचारलं, "किती मारल्या?"

"दोन. मग वाटलं, गेला आसंल म्होरं. तळ हलवायचा व्हता."

आजी अगदी हळू म्हणाली, "तिसरी का न्हाई मारली रं?"

ती काय म्हणते आहे हे गड्याला कळलं नाही. मला कळलं. धुळाकाका आजीच्याच हाताखाली वाढला होता.

* * *

मग आजी त्याला शोधायला निघाली. मी बरोबर. एसटी जिथं थांबेल तिथं ती उतरायची, भंडारा कपाळाला लावायची आणि हाका मारायची. "धुळा! धुळा! धुळा!" सगळीकडं तीनदा. लोक बघायचे. पोरं मागं लागायची.

जतच्या स्टँडवर कंडक्टर वैतागला. "म्हातारे, चल गाडीत! कुणाला वरडतीस?"

"ल्योकाला."

"आगं, हितं कोण हाय तुजा ल्योक?"

आजीनं त्याच्याकडं न बघता तिसरी हाक मारली. आणि स्टँडमागून, जिथं नुसता माळ होता, तिथून आवाज आला, "ओ!"

मी पळालो. कंडक्टरही पळाला. मागं एक कानडी बाई मेंढराला पाणी पाजत होती. बाकी लांबपर्यंत उघडं रान. तिला विचारलं, तर तिनं नाही म्हणून मान हलवली, "इल्ला."

त्याच गाडीनं आम्ही परत निघालो. म्हसवडला उतरताना कंडक्टरनं आजीचं बोचकं स्वतः खाली दिलं आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

* * *

आणि आता हे शेवटचं. याच्यावर मला कुणी काही विचारू नये.

पुढच्या उन्हाळ्यातली दुपार. मी आणि आजी दोघंच घरात. आजी सुपात जोंधळे निवडत होती. बाहेर पान हलत नव्हतं.

"आये!"

धुळाकाकाचा आवाज. माझी खात्री आहे. मी उठलो, तर आजीनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"आये!" आता अंगणातून. दमलेला आवाज, लांबून चालत आल्यासारखा.

आम्ही थांबलो. तिसरी येईना. मी कुजबुजलो, "आजी, तिसरी हूं दे. तूच सांगतीस न्हवं?"

आजीनं माझ्याकडं बघितलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "ओ! ये रं बाबा, दार उघडंच हाय!"

कुणी आलं नाही. मी बाहेर गेलो. अंगण मोकळं. वाड्यातली मेंढरं मात्र एवढ्या उन्हात सगळीच्या सगळी उभी राहिलेली.

समोर आपल्या उंबऱ्यावर अमिनाभाबी वाकळ शिवत बसली होती. तिनं हातातली सुई थांबवली.

"बिराभाऊ, धुळाभाऊ कवा आलं वो? किती वाळल्यात! माज्याकडं बघितलं बी न्हाई, सरळ आत गेलं."

मी दाराकडं पाठ करून उभा होतो. मागं मान वळेना. आतून आजीचा आवाज आला, कधी नव्हे इतका गोड आणि निवांत.

"बिरा, काकाला हातपाय धुवाया पाणी दे रं."