वाघमारे मॅडम आणि रॉनीचा कॅम्प

सहलीची गाडी शाळेच्या फाटकात येऊन थांबली की वाघमारे मॅडम मुलांकडे बघायच्याही आधी ड्रायव्हरला गाठायच्या. चारही टायरांवर चपलेचे टोक मारून बघायच्या आणि मग त्याच्यासमोर उभ्या राहून विचारायच्या, "काल किती वाजता झोपलात?" ड्रायव्हर नुसता हसला तर तोच प्रश्न पुन्हा. एकदा तेरच्या सहलीला आलेला ड्रायव्हर म्हणाला, "तुमाला काय करायचंय मॅडम? गाडी म्या चालवणार हाय." मॅडमनी गाडीत बसलेली सगळी मुले खाली उतरवली आणि दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत त्यांना मैदानावर लगोरी खेळायला लावली. मुख्याध्यापक चिडले. मॅडम मला म्हणाल्या, "विचारलं की माणूस उघडा पडतो, जगताप सर. म्हणून मी विचारते. लई विचारते."

नळदुर्गच्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि मी इंग्रजी. शिक्षकांच्या खोलीत चार वर्षे आमची टेबले शेजारी होती. त्यांचे वय सत्तेचाळीस, अंगाने थोराड, चालणे भरभर. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचितच यायची, इतका त्यांचा आवाज खडा होता. खो-खोच्या संघातली एखादी मुलगी दोन दिवस आली नाही की शाळा सुटल्यावर त्या तिच्या वस्तीवर चालत जायच्या आणि तिच्या बापाला अंगणात उभा करून विचारायच्या, "काय झालं? आजारी हाय का स्थळ बघताय?" अशा किमान तीन मुली त्यांनी परत वर्गात आणून बसवलेल्या मी पाहिल्या.

त्यांनी लग्न केले नव्हते. आई अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि तिला सोडून त्या एकदाही मुक्कामी कुठे गेल्या नव्हत्या. त्या उन्हाळ्यात आई गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला. एक पांढऱ्या केसांची बाई समुद्रात लांबड्या फळीवर उभी होती आणि लाट तिला किनाऱ्याकडे घेऊन येत होती.

"ह्याला सर्फिंग म्हणतात," त्या म्हणाल्या. "शिकवायचे कॅम्प असतात. दिवाळीच्या सुट्टीत मला जायचंय. चांगला कॅम्प निवडायला मदत करा. तुमचं इंग्रजी हाय."

मी हो म्हणालो. त्यांनी एक जाड वही केली आणि प्रत्येक कॅम्पला एक पान दिले. प्रश्न ठरलेले होते. पाण्याखाली वाळू आहे का खडक? शिकवणारी बाई आहे का पुरुष? बुडणाऱ्याला वाचवायला माणूस असतो का, आणि त्याला स्वतःला पोहता येते का? खोलीला आतून कडी आहे का? शेवटचा प्रश्न होता, "तुमच्याकडे शेवटचं माणूस कधी बुडालं?" मी तो इंग्रजीत जरा सौम्य करून लिहिला. त्यांनी ओळखले. "जसं हाय तसं लिवा सर. गोड करू नका."

उत्तरे येऊ लागली. गोव्याकडच्या एकाने वय ऐकून फोन ठेवला. केरळातल्या एकाने पोहण्याचे प्रमाणपत्र मागितले. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचा एक जण तेवढा बरा होता. त्याने प्रत्येक प्रश्नाला तुटक, पण सरळ उत्तर दिले. वजन जास्त असेल तर मोठी फळी देऊ. सहा दिवसांत उभे राहता येईलच असे नाही. दोन वर्षांपूर्वी एक जण बुडता बुडता वाचला. मॅडमनी त्याच्या पानावर बरोबरची खूण केली, पण चेहरा उतरला होता. "खरा माणूस हाय," त्या म्हणाल्या. "पण या म्हणून कुणीच म्हणंना."

त्याच दुपारी प्रमाणपत्राचा विषय निघाला आणि मी विचारले, "पोहायला कुठे शिकलात, मॅडम?"

त्यांचे गाव सोनारीजवळचे. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीत सगळी पोरे पोहायची. ही बौद्धवाड्यातली, काठावर उभी राहून बघायची. सात-आठ वर्षांची असताना एकदा पायरीवर बसून तिने पाय पाण्यात सोडले. मालकाने दंडाला धरून उठवले. मग मोटार लावून अख्खी विहीर उपसली आणि ती कोरडी होईस्तोवर तिला काठावर बसवून ठेवले, बघ म्हणून.

"दादांनी, माझ्या वडलांनी, दुसऱ्या दिवशी मला गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीवर नेलं," त्या म्हणाल्या. "पावसाचं पाणी साठलेलं. पाठीला वाळका भोपळा बांधला आन् दिलं ढकलून. तवापासून पाण्याला भीत न्हाय मी. हे कुणाला सांगितलं न्हवतं आजवर. आईला बी."

माझ्या आजोबांचीही अशीच विहीर होती. मी ते बोललो नाही.

शिक्षकांच्या खोलीत त्या नसताना हसणे सुरू झाले होते. विज्ञानाचे शिंदे सर नक्कल करायचे. दोन्ही हात पसरून खुर्चीवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "सुनामी आली रे, पळा!" सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्याने हसायचो, कारण वही माझ्या टेबलावर असायची आणि नव्या गमती मीच पुरवायचो. एक दिवस शिंदे सरांनी घरातले एक जुने सिमकार्ड आणले. "तिला कुणी या म्हणंना ना? मग आपण म्हणू," ते म्हणाले. "तू लिही. तुला जमतं."

असा रॉनी जन्माला आला. दुसऱ्या कॅम्पवाल्याकडून तुमचा नंबर मिळाला, असे म्हणून त्याने आपणहून मॅडमना मेसेज केला. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर त्याचा छोटासा कॅम्प होता. त्याची आई मालवणची, म्हणून त्याला मराठी येत होते. मॅडमनी नेहमीचे प्रश्न पाठवले. खाली वाळू, खोलीला आतून कडी, शिकवायला बाई, आगाऊ पैसे नकोत. त्यांनी व्हिडिओ मागितला, तो आम्ही इंटरनेटवरून उचलला. तुमच्याकडे आधी येऊन गेलेल्या बाईचा नंबर द्या म्हणाल्या, तेव्हा शिंदे सरांची बायको फोनवर कोल्हापूरची बाई झाली आणि अर्धा तास बोलली. इतके विचारणारे माणूस, पण आम्हाला प्रत्येक प्रश्न आधीच माहीत असायचा. बाकीच्या कॅम्पसाठी मीच तर तो इंग्रजीत करून दिला होता.

सुरुवातीला मी खोलीत सगळ्यांना वाचून दाखवत मेसेज लिहायचो. नंतर घरी बसून लिहू लागलो. रॉनी रोज दुपारी विचारायचा, मॅडम, जेवलात का? आईची आठवण येते का? त्या उत्तरात कधी कधी पानभर लिहायच्या. एकदा रॉनीने पोहण्याबद्दल विचारले. त्यांनी एका ओळीत कळवले, गावच्या खाणीत शिकले. त्यावर मी लिहिले, "आमच्याकडे समुद्र आहे, मॅडम. पाय बुडवला म्हणून कुणी उपसत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे उघडली. रॉनीच्या पानावर खाली लिहिले होते: हाच. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता. "ठरलं, जगताप सर," त्या म्हणाल्या. "हा माणूस वेगळा हाय."

सहामाही परीक्षा संपली की सांगून टाकू, असे ठरले होते. परीक्षा संपली. शिंदे म्हणाले, तू सांग. मी म्हणालो, सिम तुमचे आहे. मॅडमनी सोलापूरहून हुबळीचे तिकीट काढले, दोन जाडे पंजाबी ड्रेस शिवून घेतले. सुट्टी लागली त्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि सामानाची यादी मला दाखवून म्हणाल्या, "बघा बरं, काही राहिलंय का?" मी यादी वाचली. सगळे होते. मी म्हणालो, "टोपी घ्या. ऊन असतं तिथं."

त्याच संध्याकाळी रॉनीला मेसेज आला, उद्या निघते. मी लिहिले, येऊ नका. ते खोडले. लिहिले, वाट बघतो. मग शिंदे सरांनी सिम काढून मोडून टाकले.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. त्या मैदानावर एकट्याच होत्या, कबड्डीच्या रेषांवर फक्की टाकत होत्या. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "कशी झाली सुट्टी, मॅडम?" हा प्रश्न मी विचारला. रॉनी कोण ते त्यांना माहीत नसेल असे धरून विचारला.

त्यांनी फक्कीचा डबा खाली ठेवला.

"उतरले तिथं नुसती मासळी वाळत घातलेली," त्या म्हणाल्या. "जाळी विणणाऱ्या बायांना विचारलं, रॉनीचा कॅम्प कुठंय? असा कुणी न्हाय म्हणाल्या. फोन लावला. दुपारपतोर लावत होते. मला वाटलं, पोराचं काही बरंवाईट झालं. पाण्यात गेला असंल, बुडाला असंल. त्या बायांच्या हातापाया पडले. म्हणलं, तुमच्या माणसास्नी होडी घेऊन बघायला सांगा. दोघं गेले बी बिचारे. फिरून आले."

त्यांनी हातावरची फक्की झटकली.

"मग वाळूत बसून त्याचं सगळं लिवलेलं परत वाचलं. मी त्याला खाणीचं लिवलं होतं. विहिरीचं न्हाय. उपसल्याचं ह्या जगात मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

चार वर्षे त्या मला 'जगताप सर' म्हणत आल्या होत्या. आता म्हणाल्या, "तूच ना रे?"

मी म्हणालो, "शिंदे सरांची कल्पना होती, मॅडम."

"शिंद्याचं राहू दे. शिंद्याला विहीर ठाऊक न्हवती."

मैदानाच्या कडेला मुले येऊ लागली होती. त्यांनी आवाज खाली आणला. "त्या दुसऱ्या कॅम्पवर गेले. तो खरं बोलणारा. जागा न्हवती त्याच्याकडं, जानेवारीत या म्हणाला. मग गुडघ्याइतक्या पाण्यात उभी राहिले जराशी. पुढं जायचं मनच होईना. गाडी धरली."

मी माफ करा म्हणायला तोंड उघडले. त्यांनी हात वर केला.

"एकच विचारते. आई गेली तवा तू दारापतोर आला न्हाईस. शेजारी बसून चार वर्षांत कधी जेवलात का म्हणून विचारलं न्हाईस. आन् रॉनी रोज विचारायचा. म्हंजे तुला येत होतं की रे. सगळं येत होतं. मग माझी टर उडवायचीच झाली तर ते तुला सुचलं, न्हायतर न्हाय. असं का?"

त्यांनी खरोखर उत्तराची वाट पाहिली. ड्रायव्हरसमोर उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबा उचलला आणि राहिलेली रेष पुरी केली.

त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही. त्यांच्या तक्रारीला मी तयार होतो, चार रात्री उत्तरेही जुळवली होती. ती कामी आली नाहीत. एप्रिलपर्यंत त्या शेजारच्या टेबलावर बसल्या, कामापुरते "जगताप सर, हजेरी द्या" म्हणाल्या आणि मग आमच्याच संस्थेच्या तेरच्या शाळेत बदली मागून गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात शिंदे सरांनीच भाषण केले. मॅडमचे मन सागरासारखे विशाल आहे, असे म्हणून ते क्षणभर थांबले. मागच्या रांगेत दोघांनी रुमाल तोंडाला लावले. मॅडमनी भाषण पूर्ण ऐकले. शाल अंगावर घातली गेली ती त्यांनी काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि मुलींना भेटायला बाहेर गेल्या. शाल तिथेच राहिली.

त्या पुन्हा समुद्रावर गेल्या का, मला माहीत नाही. तेरच्या एका शिक्षकाकडून एवढेच कळले की सुट्टीत त्या मुलींना पोहायला शिकवतात, आणि आपल्या मोबाइलवर अनोळखी नंबरचा मेसेज आला तर न वाचता पुसून टाकतात.

दोन वर्षांनी धाराशिवला जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा होत्या. आमची मुले घेऊन मी गेलो होतो. पंचांच्या टेबलाजवळ त्या उभ्या होत्या, केस बरेच पांढरे झालेले. त्यांच्यासोबत त्यांच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका होती. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर शाळेचे नाव वाचून ती उत्साहाने म्हणाली, "अय्या, नळदुर्ग! मॅडम, तुम्ही पण तिथंच होता ना? मग हे सर तुमच्या ओळखीचे असतील."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. नजर चुकवली नाही, घाईही केली नाही. कपाळापासून बिल्ल्यापर्यंत सावकाश बघितले.

"न्हाय," त्या म्हणाल्या, आणि मुलींना हाक मारत धावपट्टीकडे गेल्या.

ती शिक्षिका ओशाळली. "सॉरी हं सर, मला वाटलं तुम्ही एकाच वेळी होता तिथं."

"नाही," मी म्हणालो. "मी नंतर आलो."