नवरात्रात बंद केलेली गोळी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भाजलेले शेंगदाणे सोलणं. नवरात्राची चौथी माळ होती. मी दाणे चोळत होतो, बायको सुपात पाखडत होती. "आवं, निम्मं तुमच्याच तोंडात चाललंय," म्हणाली, आणि मान एका बाजूला वळून तिथंच आखडली.

तिला फिटचा आजार जुना. सकाळ-संध्याकाळ गोळी. दोन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. घट बसले त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "गोळी जेवून घ्यायची असती. उपासात कशी घेऊ?" मी म्हणालो, "नऊ दिवसांनी काय हुतंय? ऱ्हाऊ दे. देवी बघंल." खरं सांगतो, देवावर माझा भरवसा कधीच नव्हता. डॉक्टरला विचारायला तासगावला जायचा कंटाळा आला, म्हणून देवीचं नाव पुढं केलं.

शेजाऱ्यांनी नाकाला चप्पल लावली. मी दातांत चमचा घातला, तिचा एक दात पडला. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत एक फिट सरायच्या आत दुसरी येत होती. तिथं एका सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ नळीनं ओढली. शिरेतनं थेंबथेंब इंजेक्शन देताना सिस्टरची नजर मशीनवरनं हलत नव्हती.

"एवढं सावकाश का वो?" मी विचारलं.

"घाई केली तर हृदयावर येतं, बाबा. आणि परत तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं की दवाखाना गाठायचा."

फिट थांबली, पण ती उठेना. औषधानंच झोपवलंय, डॉक्टर म्हणाले. मला एकच पाहिजे होतं, तिनं एकदा डोळे उघडावेत आणि मला चूक कबूल करता यावी. नाकातल्या नळीनं औषध जायचं. दर दोन तासांनी सिस्टर तिची कूस बदलायच्या, मी पाठीला हात द्यायचो, ओल्या कापसानं ओठ पुसायचो. शाळा चौथीपर्यंतच, पण मनात प्रश्न फार. एकदा विचारलं, "डोक्यात नेमकं कुठं जायचं, हे औषधाला कसं कळतं?" सिस्टर हसल्या. "त्याला कुठलं कळतंय? सगळीकडं जातं. म्हणून तर झोप येते. तुम्ही तिच्या कानात बोलत राहा."

"ऐकू येतं?"

"येत असेल. बोलायला काय जातंय तुमचं?"

दोन दिवस मी म्हशीचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. खरं तेवढं टाळायचो. चौथ्या दिवशी दुपारी सिस्टरची ड्यूटी संपली. खांद्याला पिशवी लावून त्या दारापर्यंत गेल्या, मागं फिरल्या आणि आमच्या कॉटचा पडदा ओढून म्हणाल्या, "बाबा, बोलायचं राहिलंय ते बोलून घ्या." मी तर कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मी बोललो. सगळं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक. "तुमचं मी कवा ऐकलं हुतं? मलाच उपास करायचा हुता."

झोपेचं औषध सकाळीच कमी केलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना विचारलं, "औषधानं उठली का देवीनं उठवली?" त्या म्हणाल्या, "मी घरी चालले होते, बाबा. का वळले, माझं मलाच माहीत नाही." मला अजून उत्तर मिळालेलं नाही. बायकोनं खरं सांगितलं का मला सोडवलं, तेही कळलं नाही. गोळी आपण द्यायची, मगच हात जोडायचे, एवढं कळलं. आपलं काम टाळून देवावर टाकलं, तर त्याला भक्ती म्हणत नाहीत.

पण बेशुद्धीतच छातीत कफ उतरला होता, त्यातनंच दसऱ्याला दुपारी ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीच्या देवळाकडं गेलो. गुरव लांबनंच ओरडला, "आबा, सुतक हाय तुमाला!"

"ठावं हाय रं. आत येत न्हाई."

जन्मात कधी त्या पायरीला पाय लावला नव्हता, आणि आज जावंसं वाटलं तर आत जाता येत नव्हतं. रस्त्यावरच चपला काढल्या. मागायचं काही उरलं नव्हतं. ती बोलली, तेवढ्यासाठी हात जोडले आणि ऊन अंगावर येईपर्यंत तसाच उभा राहिलो.