दोघांनी पाहिलेला ससाणा

आइसलँडच्या सहलीबद्दल कुणी विचारलं की मी पफिनच्या रंगीत चोची आणि जमिनीतून येणारा गंधकाचा वास, एवढं सांगतो आणि विषय बदलतो. सात वर्षं हेच चाललं आहे. शेवटच्या दुपारचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी कुवेतमधल्या एका दवाखान्यात डोळे तपासायचो. डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. पण माझा मित्र मला डॉक्टरच म्हणायचा. तो रत्नागिरीकडचा, तिथल्याच राई भागातल्या एका शोरूमची गाडी चालवायचा. मी त्याला भाई म्हणायचो. शुक्रवारी पहाटे तो मला खैतानमधल्या माझ्या खोलीवरून उचलायचा, शहराबाहेर जहराच्या तळ्यांवर पक्षी बघून जुम्म्याच्या नमाजाआधी आम्ही परत. पक्ष्यांच्या नोंदींची वही त्याची. नियम एकच: दोघांनी पाहिलेला पक्षीच वहीत जायचा. बहुतेक पक्षी आधी त्यालाच दिसत, हे मला खुपायचं.

पांढरा ससाणा त्याने कुवेतमध्ये अरब मालकांच्या मनगटावर, डोळ्यांवर टोपी चढवलेला खूप पाहिला होता. त्याला तो मोकळा बघायचा होता. त्यासाठीच आम्ही इतक्या उत्तरेला गेलो.

शेवटच्या दिवशी सकाळी मी "ससाणा!" म्हणून ओरडलो आणि तो पांढरट दगड निघाला. भाईने सहलीच्या व्हॅनमधल्या सगळ्यांना हिंदीत सांगितलं, "हमारे डॉक्टर पत्थर की भी आँखें चेक करते हैं!" जेवतानाही तेच. मी हसलो, पण ताट अर्धवट ठेवून उठलो.

दुपारी गारठा एवढा की बाकीचे व्हॅनमधून उतरलेच नाहीत. आम्ही दोघे काळ्या लाव्हाच्या खडकांवरून, शेवाळात पाय रुतवत वर गेलो.

"डॉक्टर," तो कुजबुजला. "डावीकडे. फुटक्या कड्यावर."

मी दुर्बीण लावली. पांढरा, पाठीवर करडे ठिपके. पायाखालच्या शिकारीची पिसं वाऱ्यावर उडत होती. त्याने मान वळवली तेव्हा डोळासुद्धा दिसला.

"दिसला ना?"

"दगड आहे," मी म्हणालो.

"अरे, मान हलवली त्याने!"

"नजर अधू झालीय तुझी. मोतीबिंदू असेल. माझं रोजचं काम आहे हे, भाई."

तेवढ्यात धुकं आलं आणि कडा दिसेनासा झाला. त्याने पेन्सिलने नाव लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. व्हॅनपर्यंत पोचलो की खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. व्हॅनमध्ये तो आळीपाळीने एकेक डोळा मिटून समोरचा डोंगर बघत बसला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

कुवेतला परतल्यावर तळ्यावर तो दुर्बीण माझ्याच हातात द्यायला लागला. "तू सांग, काय आहे ते." मग एक दिवस शोरूममध्ये जाऊन स्वतःच सांगून आला, मला आता नीट दिसत नाही, गाडी नको.

"दवाखान्यात ये, तपासतो," मी म्हणालो.

"तू सांगितलंस ना? मशीन काय तुझ्यापेक्षा शहाणं आहे?"

मी आग्रह केला नाही. मशीन खरं बोललं असतं. दोन महिन्यांत तो कायमचा गावी गेला.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या गावी गेलो, फक्त हे बोलायला. तो पडवीत बसला होता. खाडीवर समुद्री गरुड आला. माझं लक्ष जायच्या आधी त्याची मान वर गेली होती, हे मी पाहिलं. तरी त्याने विचारलं, "काय होतं रे?"

"समुद्री गरुड."

"मलाही तसंच वाटलं," तो हसला. "पण आपलं काय खरं नाही आता."

त्याची बायको चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो, हवेबद्दल बोललो आणि निघालो.

गेल्या थंडीत तो वारला. त्या पडवीत मला एवढंच म्हणायचं होतं: भाई, तो ससाणाच होता. मीही पाहिला होता. तुझे डोळे चांगले होते, खोट माझ्यात होती. मला माफ कर.