दुधात कालवलेली ताकद

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. धरणगाव तालुक्यातल्या एका कुस्तीगीर मुलीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे.

मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच कापूस पिकवणाऱ्या एका गावातली दहा-पंधरा माणसं ठाण्यात शिरली. पुढे मुलीचे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना. मुलीने मोठ्या स्पर्धेत धुळ्याच्या मुलीला चितपट करून पदक मिळवलं होतं. पण तिच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं आणि तिला तात्पुरतं खेळण्यापासून थांबवलं गेलं. चौकशीत दोष ठरला तर चार वर्षांची बंदी. एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी चार वर्षं म्हणजे सगळंच संपल्यासारखं.

"धुळ्याच्या त्या पोरीच्या वस्तादाने कुस्तीआधी हिला लस्सी पाजली होती साहेब," नाना टेबलावर हात आपटून म्हणाले. "त्यानेच कालवलं. त्याला आत टाका!"

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि धुळ्याला गेलो. वस्ताद तालमीतच भेटले. आरोप ऐकून ते चिडले नाहीत.

"साहेब, हे औषध ताकद वाढवतं. माझीच पोरगी हरावी म्हणून मी समोरच्या पोरीची ताकद वाढवीन का? आणि एका लस्सीने ताकद वाढत नाही. कोणत्याही डॉक्टरला विचारा, कितीतरी दिवस घ्यावं लागतं."

डॉक्टरांनीही अहवाल पाहून सांगितलं, नमुन्यातल्या प्रमाणावरून औषध बरेच दिवस घेतलेलं दिसतं. म्हणजे औषध रोजच्या खाण्यापिण्यातून गेलं होतं. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाहेरचं मी काही खात नाही साहेब. घरात जे देतात तेच." ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो. ती दोन वाक्यांत थांबली.

घरात तिचा दुश्मन कोण असणार, असं मला वाटलं आणि तपास तिथे अडला. दरम्यान गावात वातावरण तापत चाललं होतं. काही पोरं धुळ्याला जाऊन वस्तादाला धडा शिकवायची भाषा करू लागली. मी गावात बंदोबस्त ठेवला.

मग मुंबईहून सीमाशुल्क खात्याच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. परदेशातून आलेलं एक पार्सल त्यांनी तपासणीत उघडलं होतं. वर लिहिलेलं 'खेळणी', आत पावडरचे डबे. पत्ता आमच्याच शहरातल्या एका व्यायामशाळेचा. मी औषधाचं नाव विचारलं. मुलीच्या नमुन्यात सापडलेलंच होतं.

औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही व्यायामशाळेवर गेलो. माळ्यावर आणखी डबे निघाले. पंचांसमोर पंचनामा केला. मालक आधी म्हणाला, "मी स्वतःसाठी मागवतो." मी त्याला डबे मोजायला लावले. अर्ध्यावर तो मोजायचा थांबला.

"त्या पोरीला किती दिवस देत होतास?"

"आई शप्पथ साहेब, पोरगी इथं कधी आलीच नाही. नाना न्यायचे."

मी नानांना बोलावलं. कोठडीजवळ नाही, माझ्या खोलीत बसवलं. नाना स्वतः जुने पैलवान, गुडघा मोडला म्हणून आखाडा सुटला. मूलबाळ नाही; पुतणीलाच त्यांनी लेक मानलेलं.

"सकाळचं दूध पोरीला कोण देतं नाना?"

"मीच. म्हशीचं शे, बदाम घालस, आनि..."

बोलता बोलता घरच्या अहिराणीवर आलेले नाना तिथेच अडले.  

"फॉरेनची ताकदीची पावडर शे म्हने तो," नाना शेवटी म्हणाले. "बंदीनी शे हाई माले काय माहीत? निकाल उना तवय समजनं. मंग भ्या वाटनं साहेब."

"आणि तुम्ही वस्तादाचं नाव घेतलंत."

नाना ओक्साबोक्शी रडले.

नानांसोबत आलेली मुलगी बाहेर बाकावर होती. मी तिला आत बोलावून नानांनाच सांगायला लावलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "नाना, तुमनी माया खरी शे. पन तुम्ही माले इचारं का?"

मालकावर गुन्हा दाखल होऊन खटला उभा राहिला. नानांनी चौकशी समितीपुढे जाऊन सगळं कबूल केलं. तरीही बंदी पूर्ण उठली नाही. खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, असा नियम आहे. पण ती बरीच कमी झाली.

नानांना घेऊन मी धुळ्यालाही गेलो. त्यांनी हात जोडले, तर वस्ताद म्हणाले, "बसा, चहा घ्या. पोरगी पुन्हा कधी उतरणार ते सांगा."

ती उतरली. बंदी संपल्यावरच्या पहिल्या कुस्तीला मी साध्या कपड्यांत गेलो होतो. गुणांवर जिंकली. नाना माझ्या शेजारी बसून इतके ओरडत होते की माझा कान दुखायला लागला.

त्या प्रकरणापर्यंत कोणताही गुन्हा समोर आला की मी आधी विचारायचो, तुमचा कोणी दुश्मन आहे का? पुढे निवृत्त होईपर्यंत मी त्याला आणखी एक प्रश्न जोडला: तुमच्यावर सगळ्यात जास्त जीव कोणाचा आहे? त्याचं उत्तर देताना लोक हसायचे. मी मात्र ते नाव नीट लिहून घ्यायचो.