टीव्हीतलं टेंभरू

कोरपन्याच्या रस्त्यावर, सिमेंटच्या धुळीनं पांढुरक्या झालेल्या एका पानठेल्याला परवा गंजका पत्रा ठोकलेला दिसला. कुठल्याशा परदेशी संत्रा-थंड्याची जुनी जाहिरात. हातपाय फुटलेलं, टोपी घातलेलं, हसरं, केशरी संत्रं. मी जागीच थबकले. हे तर आमचं टेंभरू होतं.

सिमेंट कारखान्यात कामाला असलेल्या मामानं लहानपणी आम्हाला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला होता. कॅसेट एकच, आणि तिच्यात हाच गोलोबा उड्या मारायचा. आमचा टीव्ही काळा-पांढरा. तेंदूच्या गोड फळाला, टेंभराला, देठाशी टोपी असते, तशीच याच्याही डोक्यावर होती. मग हे टेंभरूच, असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवून टाकलं. ते खड्ड्यात पडलं की घरभर हाकाटी व्हायची, "आई, टेंभरू मेलं!"

मे महिन्यातल्या एका सकाळी आई तेंदूपत्ता तोडायला गेली. ऊन चढलं तशा बाकीच्या बाया धापा टाकत परतल्या. नाल्यात वाघ दिसला होता, आणि आई त्यांच्यात नव्हती. बाबा माणसं जमवून, डबे बडवत जंगलाकडे निघाले. ताईनं दाराला कडी घातली आणि मला टीव्हीपुढं बसवलं. "तू खेळत राय. टेंभरू मरू नोको देऊ," ती म्हणाली. टेंभरू जगलं तर आई परत येईल, असं तिला म्हणायचं होतं. मला कळलं होतं. टेंभराचा खेळातला शेवटचा जीव उरला होता. घामानं बटणं बोटांखालून निसटत होती. आणि लाइन गेली. काळ्या काचेत आमचे दोन चेहरे तेवढे राहिले. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

किती वेळानं कोण जाणे, कडी वाजली. दारात आई, ओरखडलेली, मागे बाबा. तिनं पदर सोडला तशी पिवळी टेंभरं जमिनीवर घरंगळली.

"काऊन थांबली वं?" ताई रडत म्हणाली.

"दिवसभर टीव्हीपुढं टेंभरू टेंभरू करता. तुमाले लय आवडते ना. म्हनून मांगं राह्यली."

परवा म्हातारी आई माझ्या शेजारीच उभी होती. ते संत्रं होतं, थंडा विकायला काढलेला गेम होता, हे मी तिला पत्रा दाखवून सांगितलं. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं. "मंग मी उगाच थांबली वं त्या दिवशी," म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं नाही. त्या थंड्याची बाटली आमच्या घरात कधी आलीच नाही. त्या जाहिरातीला आमच्याकडे एकच गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि ते वाघाच्या नाल्यात टेंभरं वेचत होतं.